गाडीचा श्वास

मोटारीच्या बॉनेटखाली बाजारातली चकचकीत हवानळी आणि शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवून घेण्याची हौस तरुण मंडळींत बरीच आहे. तिला ते ‘कोल्ड एअर इनटेक’ म्हणतात. वडोदऱ्याच्या आमच्या भाच्याने साठवलेल्या पगारातून ती घेण्याचे मनात आणले आणि ‘मामा, कोणती घेऊ?’ असे विचारले. मराठीच्या मास्तराला यातले काय कळणार, असे वाचक म्हणतील. पण शाळेतल्या पदार्थविज्ञानापलीकडचे यात फार थोडे आहे.

एक किलो पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा तापली की विरळ होते. २५ अंश सेल्सिअसच्या हवेपेक्षा ५५ अंशांची हवा तेवढ्याच जागेत वजनाने सुमारे ९ टक्के कमी मावते. तेव्हा थंड हवा हवी, हे तत्त्व निर्विवाद होय. परंतु कारखान्याने बसविलेली नळी बहुधा पुढच्या जाळीमागून बाहेरचीच हवा घेत असते. ती काढून उघडा शंकू इंजिनाशेजारी बसविला, तर थंड हवेच्या नावाने विकत घेतलेली वस्तू रेडिएटरमागची ऊन हवा ओढू लागते! आवाज मात्र भारदस्त होतो, आणि आवाजालाच ताकद समजण्याची खोड माणसाला जुनीच आहे. शिवाय शहराच्या रहदारीत पेट्रोल इंजिनाची हवा अडवते ती थ्रॉटलची झडप. नळी बदलून तेथे काय साधणार?

आपल्याकडची धूळ हा दुसरा विचार. बारीक वाळू आत गेली की पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडर झिजतात. तेल लावलेला कापडी फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतो हे खरे. पण तेल अधिक झाले तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसते. म्हणून विक्रेत्याकडे आयएसओ ५०११ चाचणीचे आकडे मागावेत. नसतील तर पुढच्या दुकानात जावे.

सर्वांत मोठे भय पाण्याचे. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचे पाणी वडोदऱ्यात कोठवर चढले, हे भाच्याला सांगावे लागले नाही. नळीचे तोंड बंपरपाशी खाली असेल, तर साचलेल्या पाण्यातून जाताना इंजिन पाणी ओढते. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडल्यास पुन्हा चालू करू नये, ढकलून बाहेर काढावी. असे नुकसान साध्या विम्यात सहसा भरून मिळत नाही.

भाच्याला आम्ही लिहिले : घ्यायचीच असेल तर बंद पेटीची घे, तोंड उंच आणि जाळीमागे असलेली; सेन्सरजवळचा नळीचा व्यास मूळ नळीइतकाच हवा, नाहीतर मोजमाप चुकते. आधी वॉरंटीचा कागद वाच. आणि जुनी पेटी भंगारवाल्यास देऊ नकोस. माळ्यावर ठेव, गाडी विकताना लागेल.