जवळचा माल, दूरचा माल आणि खरेदीचा हिशेब

‘जवळचा माल महाग पडतो’ असे किराणा बाजारात सर्रास ऐकू येते. हे म्हणणे अर्धवट हिशेबावर उभे आहे. दूरचा मोठा पुरवठादार दर कमी लावतो हे खरे, पण त्या दरासाठी माल एकदम भरावा लागतो. समजा, कोल्हापुरातल्या एखाद्या दुकानदाराने महिन्याचा 4 लाखांचा माल एकाच खेपेत घेतला. त्याचे सरासरी 2 लाख रुपये गोदामात अडकतात. तोच माल दर आठवड्याला लाखाचा उचलला, तर अडकतात 50,000. कॅश क्रेडिटचे व्याज 12 टक्के धरले, तर वर्षाकाठी 18,000 रुपये वाचतात. कीड, ओल आणि उंदीर यांचा वाटा वेगळाच. दरपत्रकात यातले काही दिसत नाही.

दुसरा आक्षेप दर्जाचा. गावाकडचा माल एकसारखा नसतो म्हणे. पण एकसारखेपणा म्हणजे दर्जा हे कोणी ठरवले? हायड्रॉस घालून उजळवलेला, साखर मिसळलेला गूळही दिसायला अगदी एकसारखा असतो. करवीर-पन्हाळ्याच्या गुऱ्हाळावर स्वतः जाऊन उभा राहणारा व्यापारी काहिलीत काय पडते ते पाहतो. मळी भेंडीच्या चिकाने काढली की पुडीतल्या पावडरीने, हे त्याला कळते. पसंत नसेल तर पुढची काहील चढण्याआधी तो गुळव्याला तसे सांगू शकतो. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी ढेपेवर नाव छापून खात्री येत नाही. ‘हा गूळ अमक्या गुऱ्हाळाचा’ असे छातीठोकपणे सांगणारा दुकानदारच गिऱ्हाईक टिकवतो.

तिसरा आक्षेप मात्र मला खरोखर वजनदार वाटतो. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पुणे-बेंगळूरु महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, आणि कोल्हापूर-सांगलीचे कित्येक उत्पादक स्वतःच पाण्यात होते. सगळी भिस्त नदीकाठावर ठेवणाऱ्याला तेव्हा जवळचा माल उपयोगी पडला नाही. म्हणून एक पुरवठादार काठावरचा असेल, तर दुसरा जत-मंगळवेढ्याच्या कोरडवाहू पट्ट्यातला हवा. एवढी तजवीज केली की हा आक्षेप उरत नाही.

आता आमच्याच बाजूच्या लोकांशी थोडे भांडण. स्थानिक खरेदीला अस्मितेचा झेंडा लावणारे तिचे नुकसान करतात. संकेश्वर कर्नाटकात आहे, नंदुरबार महाराष्ट्रात. मिरची घ्यायची तर कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला जवळचे संकेश्वरच; तिथे सकाळी जाऊन माल पाहून दुपारी परत येता येते. अंतर रस्त्याने मोजावे, राज्याच्या सीमेने नव्हे. उपकार म्हणून केलेली खरेदी एका हंगामापुरती टिकते. फायद्याची खरेदी पुढच्या वर्षी आगाऊ रक्कम देऊन पक्की होते, आणि त्या भरवशावर शेतकरी काय लावायचे ते ठरवतो.

राहिला बिलाचा आणि पॅकिंगचा प्रश्न. लहान उत्पादकाकडे पक्के बिल नसते, अन्नसुरक्षा नोंदणी नसते, निवड-प्रतवारी नसते. ही अडचण खरी आहे. पण ती सोडवणे हेच घाऊक व्यापाऱ्याचे काम. दहा गुऱ्हाळांचा माल एकत्र करावा, नोंदणीसाठी त्यांच्या मागे लागावे, प्रतवारी करून रवे वजनावर बांधावेत आणि त्याचे दाम किरकोळ दुकानदाराकडून उघडपणे घ्यावेत.