अर्धवेळ पदव्युत्तर शिक्षण : पडद्यावरचे आणि रुग्णशय्येजवळचे

दवाखाना बंद न करता कायचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण घेता येईल काय, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यातील व्यावसायिक वैद्यांकडून अलीकडे वारंवार विचारला जातो. प्रश्न विचारणारे बहुधा दहा-पंधरा वर्षे व्यवसाय केलेले, संसारात व कर्जाच्या हप्त्यांत गुंतलेले, परंतु आपले ज्ञान अपुरे पडते याची जाणीव असलेले असतात. ही जाणीव आम्ही व्यवसायाच्या सुदृढतेचे लक्षण मानतो. तथापि याच जाणिवेचा लाभ उठवून 'घरबसल्या', 'काही महिन्यांत', 'उपस्थितीची अट नाही' अशा भाषेतील जाहिरातीही आपल्या भ्रमणध्वनीवर येऊन पडतात. म्हणून या विषयाचा ऊहापोह करणे आम्हास आवश्यक वाटते.

आमचे मत आरंभीच स्पष्ट करतो. कायचिकित्सेचे शास्त्र पडद्यावरून शिकता येते. कायचिकित्सा पडद्यावरून शिकता येत नाही. आपण मागणी करावयाची ती ऑनलाइन एम.डी.ची नव्हे, तर व्यावसायिक वैद्यांसाठी अर्धवेळ, मान्यताप्राप्त आणि रुग्णालयाशी बांधलेल्या पदविकेची.

कायदा काय सांगतो

आयुर्वेदातील एम.डी. हा तीन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. २०१७ पासून त्याचा प्रवेश अखिल भारतीय प्रवेश परीक्षेद्वारे होतो. २०२१ पासून केंद्रीय परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाच्या व्यवस्थेतही यात बदल झालेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनी वैद्यकशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने चालविण्यास मनाई केली असून, २०२५ मध्ये मानसशास्त्र, पोषणशास्त्र यांसारख्या आरोग्याशी निगडित विषयांपर्यंत ही मनाई वाढविण्यात आली. तेव्हा संपूर्णपणे ऑनलाइन अशी कायचिकित्सेची पदव्युत्तर पदवी कोणी देऊ करीत असेल, तर तिची नोंद महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत अतिरिक्त अर्हता म्हणून होणार नाही, हे पैसे भरण्यापूर्वीच समजून घ्यावे. शंका असल्यास परिषदेकडे लेखी विचारणा करावी आणि उत्तरही लेखीच घ्यावे.

परंतु कायद्याकडे बोट दाखवून प्रश्न सुटत नाही. चंदगड, आजरा, शाहूवाडी, गगनबावडा या तालुक्यांतील कित्येक गावांना वैद्य हाच पहिला डॉक्टर आहे. चंदगडहून कोल्हापूर शंभराहून अधिक किलोमीटर आहे. अशा वैद्याने तीन वर्षे दवाखाना बंद ठेवून पुण्यास अथवा मुंबईस जावे, असे म्हणणे म्हणजे त्याने शिकूच नये असे म्हणणे होय. या कोंडीतून जी पळवाट निघाली, ती आपणा सर्वांस ठाऊक आहे. नाव महाविद्यालयाच्या पटावर, देह दवाखान्यात, आणि परीक्षेपुरती उपस्थिती! ही प्रथा कोठे किती आहे, याच्या तपशिलात आम्ही जात नाही. पण अशी पदवी घेणारा आणि देणारा, दोघेही शिक्षणाचा फक्त कागद हाताळतात. अर्धवेळ शिक्षणाचा उजळमाथ्याचा मार्ग उपलब्ध नसणे, हे या अंधाऱ्या वाटेचे एक मोठे कारण आहे.

इतिहासाचा धडा

अर्थार्जन करीत शिकण्याची कल्पना आयुर्वेदाला नवी नाही. १९०७ मध्ये शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने नाशिक येथे वैद्यांचे महासंमेलन भरले आणि त्यातून उभ्या राहिलेल्या विद्यापीठाने भिषक्, विशारद, आचार्य या परीक्षा सुरू केल्या. गावोगावी गुरूंजवळ शिकणाऱ्या व औषधे देणाऱ्या वैद्यांना आपली विद्या पारखून घेण्याची ती सोय होती. महाविद्यालये मूठभर असताना या परीक्षांनी वैद्यपरंपरा सावरून धरली, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

त्याच वाटेचा शेवट कसा होतो, हेही पाहिले पाहिजे. प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाच्या 'वैद्यविशारद' व 'आयुर्वेदरत्न' या परीक्षांना केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत १९६७ पर्यंतचीच मान्यता होती. त्यानंतरही परीक्षा चालू राहिल्या, सहस्रावधी लोकांनी प्रमाणपत्रे घेतली आणि व्यवसाय थाटले. अखेर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९६७ नंतरच्या या अर्हता ग्राह्य नसल्याचा निर्णय दिला. संस्था विद्यापीठ नाही आणि तिला संलग्न असे महाविद्यालयही नाही, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. ज्यांनी प्रामाणिकपणे अभ्यास केला होता, तेही त्यात भरडले गेले. रुग्णालयाविना दिलेली अर्हता कधी ना कधी न्यायालयाच्या पायरीवर कोसळते, एवढा बोध आपण घ्यावा.

पडदा काय देतो, काय देत नाही

चरकाचार्यांनी विमानस्थानात ज्ञानप्राप्तीचे तीन उपाय सांगितले : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. या तिन्हींना आजचे तंत्रज्ञान मोठे साहाय्य करू शकते. रात्री साडेनऊला दवाखाना आटोपून गारगोटीचा वैद्य पुण्याच्या अध्यापकाकडून ग्रहणीची संप्राप्ती ऐकू शकतो. हृदयालेख, क्ष-किरण चित्रे, रक्ततपासण्यांचे अहवाल यांचे वाचन तर पडद्यावर अधिक निवांतपणे शिकविता येते. एकच आलेख दहा वेळा पाहता येतो. २०२० च्या टाळेबंदीत महाविद्यालयांनी व्याख्याने अशीच चालविली, आणि व्याख्यानांपुरती ती व्यवस्था निभावली.

मात्र रोगविज्ञानाच्या बाबतीत हेच आचार्य आप्तोपदेशानंतर प्रत्यक्ष आणि अनुमान यांना स्थान देतात. पडदा आप्तोपदेश पोहोचवितो. प्रत्यक्ष पोहोचवीत नाही. यकृताची कड बोटांना कशी लागते, शोथावर दाबल्यावर खळगा किती वेळ राहतो, नाडीचा वेग व बल, त्वचेचा स्पर्श, ही तर स्पर्शनाची क्षेत्रे झाली. दर्शनही पडद्यावर फसवे ठरते. जिव्हेचा वर्ण दिव्याच्या उजेडानुसार बदलतो, आणि आरंभीची कामला कॅमेऱ्यात हरवते. शास्त्र आणि कर्म यांपैकी एकच जाणणाऱ्याला सुश्रुताचार्यांनी एका पंखाच्या पक्ष्याची उपमा दिली, ती येथे तंतोतंत लागू पडते.

यावर काही ज्येष्ठ व्यावसायिक म्हणतील, 'आमच्याकडे रोज पन्नास रुग्ण येतात. आम्हाला रुग्णालयाची काय गरज?' या आक्षेपाचा विचार आदरपूर्वक केला पाहिजे. व्यावसायिक वैद्याजवळ अनुभवाची जी ठेव असते, ती कोवळ्या पदवीधराजवळ नसते. परंतु दवाखान्याच्या अनुभवात एक मोठा दोष आहे. बरा झालेला रुग्ण परत येऊन सांगतो. न बरा झालेला बहुधा दुसऱ्या डॉक्टरकडे निघून जातो. आपले निदान कोठे चुकले, हे आपणांस कळतच नाही. रुग्णालयात बिघडलेला रुग्णही डोळ्यांसमोर राहतो आणि वरिष्ठ सहकारी कारण विचारतो. वीस वर्षांचा अनुभव आणि वीस वेळा गिरविलेला एका वर्षाचा अनुभव, यांतील फरक तेथे कळतो.

शिकण्याची निकड

ही निकड केवळ पाटीवर अक्षरे वाढविण्याची नाही. आज आपल्याकडे येणारा रुग्ण क्वचितच फक्त आपला असतो. आमवाताचा रुग्ण आठवड्यातून एकदा घ्यावयाची मेथोट्रेक्सेटची गोळी घेत असतो; त्याच्या यकृताच्या तपासण्यांकडे लक्ष न देता आपण कल्प योजावेत काय? हृदयरोगासाठी मूत्रल औषधे घेणाऱ्यास खोकल्यासाठी यष्टिमधू मोठ्या मात्रेत दीर्घकाळ चालू ठेवल्यास रक्तातील पोटॅशियम उतरते आणि रक्तदाब चढतो. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना निशा-आमलकीची जोड दिली, आणि त्याच आठवड्यात रुग्णाने एकादशी धरली, तर साखर धोकादायकरीत्या घसरू शकते.

पावसाळ्यातील ज्वराचे उदाहरण आपल्या मातीतले आहे. शेतातील चिखलात राबणारा माणूस ज्वर, पोटऱ्यांतील तीव्र वेदना आणि डोळ्यांची लाली घेऊन येतो. पुढे कामला दिसते आणि मूत्रप्रवृत्ती घटते. हा लेप्टोस्पायरोसिस असू शकतो आणि वृक्कांवर घाला पडलेला असू शकतो. अशा वेळी त्याला त्याच दिवशी सी.पी.आर.ला अथवा तत्सम रुग्णालयात पाठविणे हीच उत्तम कायचिकित्सा होय. कोणता ज्वर आपण सांभाळावा आणि कोणता पाठवावा, हा निर्णय ग्रंथ पाठ असण्यावर अवलंबून नसतो. असे रुग्ण पूर्वी कोणाच्या तरी देखरेखीखाली पाहिलेले असावे लागतात.

अन्यत्र काय झाले

अर्धवेळ शिक्षण आणि रुग्णालय यांची सांगड घालता येते, याची उदाहरणे आहेत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने २००६ मध्ये एम.बी.बी.एस. व्यावसायिकांसाठी कुटुंबवैद्यकाची दोन वर्षांची दूरशिक्षण पदविका सुरू केली. पाठ्यसाहित्य घरी, आणि ठराविक काळाने प्रत्यक्ष संपर्कवर्ग, अशी तिची रचना. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या माता-बाल आरोग्य पदविकेतही वैद्यकीय महाविद्यालयांतील व जिल्हा रुग्णालयांतील प्रात्यक्षिकांची योजना होती. परदेशात एडिंबरा विद्यापीठ नोकरी करणाऱ्या डॉक्टरांस इंटर्नल मेडिसिनचा अर्धवेळ ऑनलाइन अभ्यासक्रम देते. ती पदवी शैक्षणिक आहे, तिने कोणी भारतात तज्ज्ञ म्हणून नोंदला जात नाही. आपल्याच क्षेत्रात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठाने अनुभवी वैद्यांजवळ राहून शिकण्याची गुरुशिष्य पद्धती जपली आहे. परंतु तिच्यासाठीही घर सोडावे लागते.

एक इशाराही लक्षात ठेवावा. होमिओपॅथी व्यावसायिकांसाठी महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू झाला. तो पूर्ण करणाऱ्यांच्या नोंदणीचा वाद मात्र २०२५ मध्येही धुमसत होता. जुलैत नोंदणीला स्थगिती, सप्टेंबरात पुन्हा आदेश, आणि त्याविरुद्ध ॲलोपॅथी डॉक्टरांचा संप, असा तो प्रवास. शिक्षणापूर्वी त्याचे कायदेशीर स्थान ठरले नाही, तर शिकणाऱ्याच्या पदरी वादच येतो.

आमची सूचना

कायचिकित्सेची तीन वर्षांची अर्धवेळ पदविका असावी. किमान पाच वर्षे व्यवसाय केलेल्या नोंदणीकृत वैद्यांनाच तीत प्रवेश असावा. आठवड्यातून दोन रात्री ऑनलाइन पाठ. आठवड्यातून एक पूर्ण दिवस मान्यताप्राप्त रुग्णालयात. आणि वर्षातून दोनदा पंधरा-पंधरा दिवसांचा निवासी काळ. आपल्या जिल्ह्यात कोडोलीसारख्या ठिकाणी आयुर्वेद महाविद्यालय व रुग्णालय आहे. अशा संस्थांशी हे काम जोडता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने रुग्णनोंदवही ठेवावी आणि तीत न बरे झालेल्या रुग्णांची नोंद सक्तीची असावी. अंतिम परीक्षा रुग्णशय्येजवळ, बाहेरील परीक्षकापुढे व्हावी.

या योजनेत वर्षाला अठ्ठेचाळीस आठवडे धरले, तरी तीन वर्षांत रुग्णालयाचे १४४ दिवस आणि निवासी काळाचे ९० दिवस, म्हणजे एकूण २३४ दिवस होतात. पूर्णवेळ एम.डी.चा विद्यार्थी एका वर्षातच याहून अधिक दिवस रुग्णालयात असतो. म्हणून या पदविकेस एम.डी.समान दर्जा मागणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तिचे नाव वेगळे असावे आणि पाटीवर ते पूर्ण लिहावे.

औषधालयांच्या चालकांनाही यात वाटा आहे. बचनाग, कुचला, भल्लातक अथवा पारदयुक्त कल्प वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे असतात. चिठ्ठी नसताना ते न देणे हाही शिक्षणाचाच भाग आहे. ग्राहकाने सांगितलेला उपद्रव चिठ्ठी देणाऱ्या वैद्यास कळवावा आणि २०१८ पासून आयुष औषधांसाठी चालू असलेल्या औषधदक्षता योजनेकडे त्याची नोंद करावी. तसेच भोजनासह होणाऱ्या उत्पादन-प्रचाराच्या सभेस शिक्षण म्हणण्याची सवय आपण, वैद्य व विक्रेते दोघांनीही, सोडावी.

संघटनेस आमची विनंती आहे की, वरील सूचनेचा मसुदा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठास आणि राष्ट्रीय आयोगास रीतसर पाठवावा. त्यांच्या उत्तराची वाट पाहत बसण्याचे मात्र कारण नाही. दरमहा एका रविवारी दहा वैद्यांनी एकत्र यावे, प्रत्येकाने बऱ्या न झालेल्या एका रुग्णाची माहिती नाव न सांगता मांडावी आणि इतरांनी ती तपासावी. यास कोणाच्या मान्यतेची आवश्यकता नाही व शुल्कही नाही. हीच तद्विद्यसंभाषा होय. ज्यांना पदविका हवी आहे, त्यांनी तिची सुरुवात येथून करावी.