खेळाचा तास आणि रहीम साहेब

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, परीक्षा जवळ आली की वेळापत्रकातला कोणता तास सगळ्यात आधी जातो? खेळाचा. "गणिताचा भाग राहिलाय" म्हटलं की कुणीच हरकत घेत नाही, पालकही नाहीत. मला हे पटत नाही. का, ते एका शिक्षकाच्या उदाहरणावरून सांगते.

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९ मध्ये हैदराबादला झाला. 'मैदान' चित्रपटामुळे ते भारतीय फुटबॉलचे प्रशिक्षक म्हणून घराघरात पोहोचले, पण मुळात ते शाळेतले मास्तर. उस्मानिया विद्यापीठात शिकले, हैदराबादच्या शाळांमध्ये शिकवलं, शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असं हरवलं. चारच वर्षांनी मेलबर्नला भारत चौथा आला! तिथे ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवताना मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने तीन गोल केले. एका चाचणीत दहापैकी एक गुण मिळालेल्या मुलाला आपण चार वर्षं देतो का?

रहीम साहेबांची पद्धत आपल्या वर्गात जशीच्या तशी चालेल. बहुतेक खेळाडूंचा एक पाय कच्चा असतो. म्हणून ते फक्त कच्च्या पायाने खेळायच्या स्पर्धा ठेवायचे. चेंडू स्वतःजवळ न ठेवता लगेच पास द्यायचा, अशाही स्पर्धा घ्यायचे. कच्चेपणावर रागावणं नाही, शिक्का नाही, खेळता खेळता सराव. आपण मात्र 'वाचनात कच्चा' असं लिहून मोकळे होतो. त्याच मुलाला रोज जोडीदारासोबत चार ओळी वाचायला दिल्या तर?

१९६२ ला जकार्तात आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जर्नेल सिंग हा बचावपटू डोक्याला टाके असताना खेळला. साहेबांनी त्याला पुढे आघाडीला खेळवलं. त्याने गोल केला आणि भारताने दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून सुवर्ण मिळवलं. कोणाला कुठे उभं करायचं, हे मुलांना मैदानावर पाहिल्याशिवाय कळत नाही. बाकावर गप्प बसणारी मुलगी कबड्डीत अख्खा संघ चालवते, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय.

जून १९६३ मध्ये कर्करोगाने साहेब गेले.

अभ्यासक्रम पूर्ण व्हायलाच हवा, हे मान्य. पण खेळाचा तास कापला म्हणून भागाकार लवकर येतो असं नाही. कंटाळलेलं मूल नुसतं फळ्याकडे बघत बसतं. तेव्हा पालकहो, पुढच्या पालक सभेत गुण जरूर विचारा. सोबत एवढंही विचारा, या महिन्यात खेळाचे तास किती झाले? तुम्ही विचारलंत, तर आम्हालाही तो तास राखायला बळ येईल.