सिनेमाच्या पाट्या

मागच्या रविवारी आमच्याकडे पाहुणे जमले होते. जेवणे झाली, भांडी आवरली आणि कुणीतरी म्हणाले, एखादा जुना सिनेमा लावा. मग १९५१ सालचा 'अलबेला' लावला, मास्टर भगवान यांचा. पडद्यावर पहिली पाटी आली न आली तोच आमच्या नातवाने बटण दाबून सिनेमा पुढे पळवला. "नावे कोण वाचतो, आजा?" तो म्हणाला. त्यावर त्याची आजी म्हणाली, "मागे घे. गाणी कुणी केली तेच अजून कळले नाही, तर ऐकायची कशी?"

नातवाने तोंड वाकडे केले, पण सिनेमा मागे घेतला. आम्ही मात्र त्या दिवसापासून हाच विचार करीत आहोत. वाचकहो, आज आम्ही सिनेमावर नाही, सिनेमाच्या पाट्यांवर लिहिणार आहोत.

आमच्या लहानपणी शहरातल्या सिनेमाघरात जायचे म्हणजे सणच असे. कोठीवरून लवकर निघायचे, बसची वाट पाहायची, तिकिटाच्या रांगेत उभे राहायचे. वडिलांचा एकच धाक असे, पाट्या चुकता कामा नयेत. दिवे मालवले की आधी सेन्सॉरचे प्रमाणपत्र येई. त्यावर रिळांचा आकडा असे. एक रीळ म्हणजे दहा-अकरा मिनिटे. सोळा रिळे वाचली की आम्ही मुले एकमेकांना कोपराने ढोसत असू, कारण पावणेतीन तास कुणी घरी ने म्हणणार नव्हते. मग नावे सुरू होत. आधी नटनट्या, मग गाणारे, गीतकार, संवाद लिहिणारे, नेपथ्य करणारे, ध्वनिमुद्रक, संकलक, छायालेखक, संगीतकार, निर्माता आणि सर्वांत शेवटी दिग्दर्शक. लग्नाच्या पंगतीत कुणी कुठे बसायचे ते जसे ठरलेले असते, तसेच हे. ही अक्षरे त्या काळी चित्रकार हाताने रंगवीत आणि मग कॅमेऱ्याने त्यांचे चित्रण होई. अक्षराच्या वळणावरूनच कळे की आता हसायचे आहे की रडायचे.

आणि त्या गर्दीत आम्ही आपली माणसे शोधत असू. आम्ही पुणे पाहिले नव्हते, मुंबई पाहिली नव्हती. आमच्या बेटावर हिंदी चित्रपट येत, मराठी क्वचित. पण हिंदी चित्रपटाच्या पाट्यांत मराठी नावे सापडत आणि सापडले की काळोखात वडील आमचा हात दाबीत. 'अलबेला'चे संगीतकार सी. रामचंद्र. त्याच चित्रपटात लताबाईंबरोबर गाणारे चितळकर. ही दोन नावे, पण माणूस एकच, रामचंद्र नरहर चितळकर, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा. १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' घ्या. दिग्दर्शक व्ही. शांताराम हे सर्वांना ठाऊक, पण पाट्या वाचणाऱ्याला आणखी दोन नावे मिळतात. लेखक ग. दि. माडगूळकर आणि संगीतकार वसंत देसाई. देसाई तर कोकणातले, ज्या मुलखातून आपले पूर्वज गलबतात बसले त्याच मुलखातले. आमच्या वडिलांना हे कळले तेव्हा ते असे बोलू लागले की जणू देसाई आमच्या भावकीतले आहेत.

कोल्हापूरच्या भानू अथैया यांचीही अशीच गोष्ट. 'सी.आय.डी.' (१९५६), 'प्यासा' (१९५७), 'साहिब बीबी और गुलाम' (१९६२) अशा चित्रपटांची वेशभूषा त्यांची. हे चित्रपट पाहणारे लाखो, पण त्यांचे नाव किती जणांनी वाचले? १९८३ साली 'गांधी'च्या वेशभूषेसाठी त्यांना ऑस्कर मिळाले. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. तेव्हा सगळे विचारू लागले, ह्या बाई कोण? अहो, त्या पंचवीस वर्षांहून अधिक काळ पडद्यावर होत्या. आपणच तेवढा वेळ चिवड्याची पुडी सोडण्यात घालवला.

पाट्या वाचल्याने दुसराही एक लाभ होतो. कोणते काम कुणाचे, हा घोटाळा होत नाही. प्रभातचा 'संत तुकाराम' हा १९३६ चा बोलपट. दामले आणि फत्तेलाल यांनी तो केला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यात बीज आणि वृक्षाचा दाखला देणारे एक पद आहे. आपल्या भजनी मंडळांत ते तुकोबांचे म्हणून गातात. कित्येकांनी ते गाथेत शोधले म्हणे, पण सापडेल कसे? ते लिहिले शांताराम आठवले यांनी, त्या चित्रपटासाठी. तुकोबांच्या नावावर खपावे असे पद लिहिणे हा केवढा मान! पण त्या मानापायी आठवल्यांचे नाव मात्र पुसले गेले. पाट्या वाचणाराच ते सांगू शकतो.

कधी कधी नाव मुद्दाम लपवलेलेही असते. भालजी पेंढारकरांच्या 'साधी माणसं' (१९६५) या चित्रपटाला संगीत 'आनंदघन' यांचे. हे आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. गाणारी म्हणून जग ओळखत असताना संगीतकार म्हणून त्यांनी दुसरे नाव घेतले आणि त्या संगीताला महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार मिळाला. पण स्वतः नाव लपवणे वेगळे आणि दुसऱ्याने ते न लिहिणे वेगळे. १९४९ च्या 'महल'मधले ते प्रसिद्ध गाणे आठवा. तबकडीवर गायिकेचे नाव छापले 'कामिनी', म्हणजे मधुबालेच्या भूमिकेचे नाव. श्रोत्यांनी रेडिओवर पत्रे पाठवून विचारले, तेव्हा गाणारी लता आहे हे कळले. लताबाईंचे नाव अशा रीतीने बाहेर आले. वाद्यवृंदात मागे बसलेल्या व्हायोलिनवाल्याबद्दल, घोड्यावरून पडणाऱ्या माणसाबद्दल कुणी पत्र लिहिले नाही.

कुणी म्हणेल, आजच्या चित्रपटांत शेवटी शेकडो नावे येतात, ती काय वाचत बसायची? कबूल आहे. आम्हीही सगळी वाचत नाही. पण जुन्या चित्रपटाच्या पाट्या दोन-तीन मिनिटांच्या. अडीच तास ज्यांनी आपल्याला हसवले, रडवले त्यांना तेवढी मिनिटे द्यायला काय हरकत आहे? हल्ली वाहिन्यांवर नावे सुरू होताच चित्र आक्रसून कोपऱ्यात जाते आणि जाहिरात येते. मोबाईलवर तर पाट्या ओलांडण्याचे बटणच आहे. पाहुण्याने जेवून हात धुतले आणि स्वयंपाकघराकडे न पाहता निघून गेला, तर आपण त्याला काय म्हणू?

आम्हा बेटावरच्या मराठी घरांना तर हे विशेष कळायला हवे. पोर्ट लुईच्या बंदरात उतरलेल्या आपल्या पणजोबांचे नाव कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिले. नावापुढे एक क्रमांक घातला, गलबताचे नाव घातले. कित्येक घरांत त्या पणजोबांचे पाळण्यातले नाव हेच आज आडनाव झाले आहे. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या नोंदी जपून ठेवल्या आहेत. तिथे जाऊन ज्याने आपल्या माणसाची ओळ बोटाने वाचली आहे, त्याला वेगळे सांगायला नको. ह्या बेटाची साखर जगाने खाल्ली. ती पिकवणाऱ्यांची एवढीच पाटी आहे, आणि तीही कुणी जपली म्हणून.

आणि तरीही आपण चुकतो. आमच्या मंडळीने एकदा नाटक बसवले. कार्यक्रमपत्रिका छापली. त्यात पाहुण्यांची, अध्यक्षांची, नटांची नावे होती. ज्या मावशींनी पंधरा रात्री जागून नऊवारी नेसवण्याची, कपडे शिवण्याची सोय केली, त्यांचे नाव राहून गेले. छपाईची घाई होती, असे आम्ही त्यांना सांगितले. "असू दे हो," त्या म्हणाल्या. पण पुढच्या वर्षी त्या आल्या नाहीत. पत्रिका आमच्याच हातची होती, म्हणून हा दोष आम्ही दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

तेव्हा आमचे सांगणे थोडके आहे. मंडळात मराठी चित्रपट दाखवाल तेव्हा पाट्यांपासून दाखवा आणि त्या संपेपर्यंत गप्पा नकोत. मराठीच्या वर्गात जाणाऱ्या एखाद्या मुलाला त्या मोठ्याने वाचायला सांगा. धड्यातली देवनागरी त्याला कंटाळवाणी वाटते, पण पडद्यावरून सरकणारे नाव निसटण्याआधी वाचायचे म्हटले की तीच मौज होते. आणि झाकरी असो, नाटक असो, गणेशोत्सव असो, पेटीवाला, कपडे शिवणारी, चहा करणारा, सर्वांची नावे लिहा. आपल्या संतांनी अभंगाच्या शेवटी आपले नाव गुंफले. जनाबाईने तर नामदेवाची दासी म्हणून स्वतःचे नाव जगवले. ही रीत आपल्याला नवी नाही.

त्या रविवारी 'अलबेला' संपला तेव्हा रात्र झाली होती. पाहुणे उठले. नातू मात्र आजीला विचारत होता, "रामचंद्र आणि चितळकर एकच ना? मग दोनदा पैसे मिळाले असतील का?" आजी हसली. आम्हाला तेवढे पुरे झाले. पुढच्या रविवारी 'दो आँखें बारह हाथ' लावायचा ठरला आहे, आणि बटण आजीच्या हातात राहील.