परक्या शहरातला शेजारधर्म

१६ एप्रिल २०२४. ईद होऊन जेमतेम सहा दिवस झाले होते. आम्ही तेव्हा शारजात राहत होतो. त्या दिवशी संयुक्त अरब अमिरातीत १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा पाऊस झाला. अल ऐनजवळच्या खतम अल शक्ला येथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर! कोकणात वाढलेल्यांना हा आकडा भीती घालणार नाही. पण जिथे वर्षातून मोजकेच दिवस पाऊस, तिथे एवढे पाणी वाहून न्यायची सोयच नसते. ते आमच्या गल्लीत कित्येक दिवस साचून राहिले.

लिफ्ट बंद, वीज गेलेली, पंप बंद, शाळा ऑनलाइन. आम्ही आधी काय केले? हंडे-बादल्या भरल्या, पीठ-तांदूळ मोजले, दार लावून घेतले. आपण इथे परके, आपल्याला काय करता येणार, अशी मनाची समजूत घातली. मग मोबाईल हातात घेतला. कृत्रिम पावसाच्या प्रयोगामुळे पूर आल्याचा मेसेज आला; खात्री न करता तो आम्ही चार ग्रुपवर पाठवला. पुढे तिथल्या राष्ट्रीय हवामान केंद्राने स्पष्ट केले, की वादळात असा प्रयोग केलाच नव्हता. वर्गात मुलांना ‘ऐकीव गोष्ट पडताळून पाहा’ म्हणून शिकवणारे आम्ही!

दुसरी चूक चांगल्या नियतीने झाली. पूरग्रस्तांसाठी ग्रुपवर वर्गणी सुरू केली. वरच्या मजल्यावरच्या केरळी भाईंनी वेळीच थांबवले. परवान्याशिवाय देणग्या गोळा करणे तिथे गुन्हा आहे. पैसे द्यायचे तर रेड क्रेसेंटसारख्या मान्यताप्राप्त संस्थेलाच. ज्याची रक्कम त्याला परत केली. नियत साफ असली तरी दुसऱ्याच्या पैशाची अमानत नियमानेच सांभाळावी लागते.

“पैसे राहू द्या,” भाई म्हणाले, “खालच्या वॉचमनने काल काय खाल्ले, माहीत आहे?”

माहीत नव्हते. त्याची तळमजल्यावरची खोली पाण्यात गेली होती. दोन रात्री तो जिन्यात झोपत होता. तीन वर्षे त्याने आमच्या गॅसच्या टाक्या वर आणल्या, आणि आम्हाला त्याचे नावही ठाऊक नव्हते. खिचडीचे ताट हातात देताना ते पहिल्यांदा विचारले. त्या रात्री तो आमच्या हॉलमध्ये झोपला. दुसऱ्या दिवसापासून ज्या घरात गॅस होता त्या घरात रांधायचे आणि मजल्यामजल्यावर वाटायचे, असे ठरले. त्यासाठी परवाना लागला नाही.

आखातात आपली मुले, भाऊ, जावई आहेत. त्यांना एवढे जरूर कळवा: पासपोर्ट आणि रहिवासाचे कागद पाण्यापासून जपून ठेवा, त्यांच्या प्रती मोबाईलमध्ये असू द्या. भारतीय वकिलातीचा मदत क्रमांक फ्रिजवर चिकटवा. औषधे आणि पिण्याचे पाणी चार दिवसांचे हवे. सरकारी सूचना आली तरच ती पुढे पाठवा.

आणि शेजाऱ्याचे नाव आजच विचारून घ्या. शेजाऱ्याचा हक्क सांगताना आपल्या दीनने तो कुठल्या देशाचा, हे विचारलेले नाही. मग आपण तरी परकेपणाचा बहाणा का करावा? अल्लाह आम्हा सर्वांना हा हक्क ओळखण्याची तौफीक देवो. आमीन.