विश्लेषण : शेजाऱ्याला मदत हे दान की देणे? बायबलमधील न्यायाचा वाशीमशी काय संबंध?

वाशीमचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल हे मिशनचे रुग्णालय १९३८ मध्ये सुरू झाले, तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यात होते. ‘चर्च ऑफ द नाझरीन’ या पंथाच्या अमेरिकी डॉक्टर ऑर्फा स्पायकर १९३६ मध्ये भारतात आल्या, त्यांनी हे रुग्णालय उभे केले आणि १९७६ पर्यंत सेवा केली. अशा कामाचा विषय निघाला की ‘दया’, ‘परोपकार’ हे शब्द ओघाने येतात. ज्या धर्मग्रंथाच्या आधारे हे काम उभे राहिले, त्यात मात्र दयेच्या जोडीने दुसरा एक शब्द आहे : न्याय.

हा न्याय म्हणजे काय?

हिब्रू बायबलमध्ये त्यासाठी दोन शब्द येतात. ‘मिश्पात’ म्हणजे ज्याचे त्याला मिळवून देणारा निवाडा आणि ‘त्सेदाका’ म्हणजे माणसामाणसांतील व्यवहाराचा सरळपणा. पुढे ज्यू परंपरेत गरिबाला केलेल्या मदतीलाच त्सेदाका म्हणू लागले, हे बोलके आहे. विधवा, अनाथ, परदेशी आणि गरीब यांचा उल्लेख या संदर्भात पुन्हा पुन्हा येतो, कारण त्यांच्या बाजूने बोलणारे कोणी नसे.

सरवा कोणाचा?

शेताच्या कडेचे पीक कापू नये, खाली पडलेले वेचू नये, ते गरिबांचे आणि परदेशीयांचे आहे, असा नियम ‘लेवीय’ या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात आहे. रूथ ही मवाबी विधवा बेथलेहेमच्या शेतात जाते ती याच नियमाच्या आधारावर, सरवा वेचायला. वऱ्हाडात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. सोयाबीनची सोंगणी झाली की गळालेल्या शेंगा वेचायला बाया शेतात उतरतात. फरक एवढाच की इथे ती मालकाची मेहरबानी असते, तिथे तो वेचणारीचा हक्क होता.

मजुरीचेही तसेच. मजुराचे पैसे त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यावेत, असे ‘अनुवाद’ हे पुस्तक (अध्याय २४) सांगते. चुकारा बाजाराच्या दिवसापर्यंत लांबवणे हा या हिशेबाने नुसता उशीर ठरत नाही, तो अन्याय ठरतो. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणाऱ्या शेतमालकालाही हे लागू आहे.

मग शेजारी कोण?

हा प्रश्न येशूला एका शास्त्र्याने विचारला होता. उत्तरादाखल आलेल्या गोष्टीत लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला उचलतो तो शोमरोनी, म्हणजे ज्यू ज्यांना जवळ करत नसत अशा समाजातला. तो जखमा बांधतो, उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार (साधारण दोन दिवसांची मजुरी) देतो आणि जास्त लागले तर परत येताना देईन म्हणतो. जखमीचा धर्म विचारत नाही.

मदतीमागे अट असेल तर?

हा आक्षेप जुना आहे. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. त्या सरकारने १९५४ मध्ये नेमलेल्या न्या. भवानीशंकर नियोगी समितीने १९५६च्या अहवालात, वैद्यकीय सेवेचा धर्मांतरासाठी थेट वापर कायद्याने बंद करावा, अशी शिफारस केली. ख्रिस्ती संस्थांना ती बोचली. पण मदत हे जर देणे असेल, तर त्यावर अट घालताच येत नाही, हे त्यांच्याच ग्रंथातून निघते. देणेकऱ्याने कसल्या अटी घालायच्या?

उरतो तो जास्त अवघड भाग. वाशीम हा २००६च्या पंतप्रधान पॅकेजमधील विदर्भाच्या सहा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपैकी एक आहे, २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतही आहे. इथे आरोग्य शिबिरे आणि ब्लँकेटवाटप लागतेच. रुग्णालयाला जोडून झालेले परिचारिका प्रशिक्षण त्याच्या एक पाऊल पुढचे, कारण त्यातून मुलींच्या हाती स्वतःची कमाई आली. पण शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर मागे राहिलेल्या बाईला ब्लँकेटइतकीच सातबाऱ्यावर नावाची गरज असते. तलाठ्याकडे, बँकेत, दिराशी बोलताना तिच्या बाजूला कोणीतरी उभे राहावे लागते. नाताळच्या वाटपात फोटो निघतो, तलाठी कार्यालयाच्या चौथ्या फेरीचा निघत नाही. मिश्पात या शब्दाचा अर्थ त्या चौथ्या फेरीच्या जास्त जवळ आहे.