प्राध्यापकांना माणसे कळत नाहीत?

‘विद्वानांनी सत्तेपासून दूर राहावे’ हे मागील अंकातील पत्र वाचले. प्राध्यापकांना पुस्तके कळतात, माणसे नाहीत, हा पत्रलेखकाचा मुद्दा मुळीच पटला नाही.

धनंजयराव गाडगीळांचेच उदाहरण घ्या. पुण्याच्या गोखले संस्थेत अर्थशास्त्राचे संशोधन करणारे गाडगीळ विठ्ठलराव विखे पाटलांच्या शेतकऱ्यांसोबत उभे राहिले आणि प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. पुढे १९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. केंद्राची मदत राज्यांना मर्जीनुसार नव्हे, तर लोकसंख्या, दरडोई उत्पन्न अशा ठरलेल्या निकषांवर मिळावी, हे ‘गाडगीळ सूत्र’ त्यांचेच. माणसे न कळणाऱ्याला हे सुचले असते का?

डॉ. मनमोहन सिंग १९९९ मध्ये लोकसभेची निवडणूक हरले, हे पत्रलेखकाचे म्हणणे खरे आहे. मतदारांसमोर थेट जाण्याचे महत्त्वही मला मान्य आहे. पण दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवलेल्या याच गृहस्थांनी १९९१ मध्ये परकीय चलनाच्या संकटात अर्थखाते सांभाळले. माहितीचा अधिकार आणि ग्रामीण रोजगार हमी हे दोन्ही कायदे २००५ मध्ये, ते पंतप्रधान असतानाच झाले.

पदवी म्हणजे पात्रता नव्हे, हे मान्य. परंतु अभ्यास हा अपात्रतेचा पुरावा ठरवणे देशाला परवडणारे नाही. उमेदवाराला त्याची जात आणि पैसा विचारण्याऐवजी त्याचा अभ्यास विचारण्याची सवय आपण मतदारांनीच लावून घेतली पाहिजे.

– एक निवृत्त शिक्षक, सातारा